पितृवंशाचा शोध आणि डीएनए चाचणीची निवड

काशीतील ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगाघाट यांच्या परिसरातील गल्ल्यांतून हिंडताना महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूला एक गोड आश्चर्य अनुभवास येते. दारांवरील पाट्यांवर ओळखीची आडनावे दिसतात आणि एखाद्या वाड्यातून मराठी बोलणे कानी पडते. ही कुटुंबे आजकालची नव्हेत. कोणी विद्येसाठी, कोणी क्षेत्रवासासाठी, तर कोणी पेशवाईच्या काळात आश्रयाच्या निमित्ताने येथे आले आणि येथलेच झाले. अशा घरातील एखाद्या विद्यार्थ्यास त्याच्या घराण्याचे मूळ गाव विचारले, तर कधी नेमके गाव सांगितले जाते आणि कधी “दक्षिणेतून आलो, एवढेच ठाऊक आहे,” असे उत्तर मिळते.

पूर्वी अशा प्रश्नाचे उत्तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, जुन्या दानपत्रांत किंवा घरातील वंशावळीत शोधीत असत. आता त्यांच्या जोडीला डीएनएची चाचणी आली आहे. गालाच्या आतील बाजूस कापसाची काडी फिरवून ती प्रयोगशाळेकडे पाठविली, की काही आठवड्यांनी वंशाविषयीचा अहवाल हाती येतो. परंतु या चाचण्या एकाच प्रकारच्या नाहीत. चुकीची चाचणी निवडली, तर पैसे खर्च होऊनही मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहतो; आणि योग्य चाचणीचा चुकीचा अर्थ लावला, तर घरात विनाकारण क्लेश निर्माण होतो. म्हणून पितृवंशाच्या शोधासाठी चाचणी कशी निवडावी आणि तिच्याकडून काय अपेक्षावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

कागदावरील वंश

पितृवंश म्हणजे पिता, पितामह, प्रपितामह अशी केवळ पुरुषांची सरळ साखळी. काशीतील भट्ट घराणे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांचा जन्म १५१३ साली झाला. नारायण भट्टांचे पुत्र रामकृष्ण, त्यांचे पुत्र दिनकर, आणि दिनकरांचे पुत्र विश्वेश्वर. हेच विश्वेश्वर गागाभट्ट या नावाने १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकामुळे महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाले. नारायण भट्टांचे दुसरे पुत्र शंकर भट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या ग्रंथात आपल्या कुळाचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून ही साखळी आपणांस एवढी स्पष्ट दिसते.

बहुतेक घराण्यांना असा चरित्रकार लाभत नाही. वह्या भिजतात, वाळवी लागते, वाटणीत कागद हरवतात. तथापि आपल्या देहातही एक नोंद पिढ्यान्पिढ्या उतरत असते. ती कोणती, ते आता पाहू.

वाय गुणसूत्राचे वैशिष्ट्य

मनुष्याच्या प्रत्येक सामान्य पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व एक पित्याकडून येते. यांपैकी २२ जोड्यांतील गुणसूत्रे पुढील पिढीकडे जाण्यापूर्वी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे आजोबांचा वारसा कोणता आणि आजीचा कोणता, हे काही पिढ्यांनंतर सांगणे अवघड होते.

तेविसावी जोडी लिंगनिश्चिती करणारी आहे. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात. पुरुषामध्ये एक एक्स व एक वाय. वाय गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्रास मिळते. त्याच्या दोन्ही टोकांचे लहान भाग सोडले, तर सुमारे ९५ टक्के भागाची कोणाशीही अदलाबदल होत नाही. त्यामुळे पित्याचे वाय गुणसूत्र पुत्रात जवळजवळ जसेच्या तसे उतरते. या गुणसूत्रात सुमारे ६ कोटी २४ लाख अक्षरे आहेत. येथे अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतील एक रासायनिक घटक समजावयाचा. आरंभापासून अंतापर्यंत या गुणसूत्राचे संपूर्ण वाचन शास्त्रज्ञांना प्रथम २०२३ साली साधले.

“जवळजवळ जसेच्या तसे” हे शब्द महत्त्वाचे आहेत. हाताने पोथी उतरवून घेताना लेखनिकाकडून क्वचित एखादे अक्षर चुकते आणि त्या प्रतीवरून केलेल्या सर्व प्रतींत तीच चूक राहते. दोन पोथ्यांत समान चुका आढळल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत, असे संशोधक ठरवितात. वाय गुणसूत्रातही असे किरकोळ बदल घडतात व ते पुढे चालू राहतात. त्यांना उत्परिवर्तने म्हणतात. पितृवंशाची चाचणी म्हणजे या बदलांची तुलना होय.

चाचण्यांचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या चाचण्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग पितृत्व चाचणीचा. अमुक मनुष्य अमुक मुलाचा पिता आहे काय, एवढाच प्रश्न ती सोडविते. भारतात डीएनए ठसेतंत्राचा पाया घालणारे डॉ. लालजी सिंह हे मूळचे जौनपूर जिल्ह्यातील. त्यांचे संशोधनाचे शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयात झाले आणि २०११ ते २०१४ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. पट्टेरी मण्यार या सर्पाच्या लिंगगुणसूत्रांच्या अभ्यासातून त्यांना जे साधन लाभले, त्याचाच पुढे माणसाची ओळख व पितृत्व ठरविण्यास उपयोग झाला. परंतु दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाविषयी पितृत्व चाचणी काही सांगत नाही.

दुसरा वर्ग २२ जोड्यांवरील गुणसूत्रांच्या चाचणीचा. हिची जाहिरात सर्वांत अधिक असते आणि पुष्कळ लोक पितृवंशासाठी हीच मागवितात. वस्तुतः दहा पिढ्या मागे गेल्यास त्या पिढीत आपल्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. पितृवंशातील पुरुष त्यांपैकी फक्त एक. त्याचा अंश या गुणसूत्रांत उरला असेलच असे नाही, आणि उरला तरी तो त्याचाच म्हणून ओळखता येत नाही. चार-पाच पिढ्यांच्या आतील नातलग शोधण्यास ही चाचणी उपयुक्त आहे. तेथेही आपल्याकडे सावधगिरी हवी; कारण शतकानुशतके ज्ञातीतल्या ज्ञातीत विवाह झाल्यामुळे दूरचे नातलगही प्रत्यक्षाहून जवळचे भासतात.

तिसरा वर्ग मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा. तो मातेकडून सर्व अपत्यांना मिळतो. म्हणून तो आई, आजी, पणजी या साखळीचा मार्ग दाखवितो. पितृवंशासाठी त्याचा उपयोग नाही.

चौथा वर्ग वाय गुणसूत्राच्या चाचणीचा. पितृवंशासाठी हीच चाचणी योग्य होय. हिचेही दोन पोटप्रकार आहेत. एकात ठराविक जागी काही अक्षरांचा गट किती वेळा पुनरावृत्त झाला आहे, ते मोजतात. या जागांना आपण पुनरावृत्ती-चिन्हे म्हणू. दुसऱ्यात गुणसूत्राचा मोठा भाग अक्षरशः वाचून एकेका अक्षराचे बदल नोंदवितात.

किती चिन्हे तपासावीत?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन भावांपैकी धाकटा सुमारे ३०० वर्षांपूर्वी काशीस आला व थोरला गोदातीरीच राहिला. तीस वर्षांची एक पिढी धरली, तर आजच्या वंशजांपर्यंत प्रत्येक शाखेत दहा पिढ्या झाल्या. म्हणजे दोन्ही शाखा मिळून वाय गुणसूत्र वीस वेळा पित्याकडून पुत्राकडे गेले. पुनरावृत्ती-चिन्हांत बदल होण्याचे प्रमाण चिन्हागणिक वेगळे असते. सोयीसाठी सरासरी ४०० हस्तांतरांत एक बदल असे धरू.

१२ चिन्हे तपासल्यास अपेक्षित फरक २० गुणिले १२ भागिले ४००, म्हणजे ०·६ येतो. याचा अर्थ असा, की सख्ख्या भावांच्या वंशजांत व त्यांहून कित्येक पिढ्या दूर असलेल्या दोन पुरुषांत खात्रीने भेद करण्याइतका तपशील १२ चिन्हांत नाही. इतक्या थोड्या चिन्हांचे जुळणे पुष्कळदा निव्वळ योगायोगाचे असते. ३७ चिन्हांस हाच हिशेब सुमारे १·९ येतो आणि १११ चिन्हांस सुमारे ५·६. पूर्णपणे भिन्न वंशांतील दोन पुरुषांत ३७ चिन्हांतच बहुधा दहाहून अधिक फरक आढळतात. म्हणून “आम्ही एका घराण्याचे आहोत काय?” या प्रश्नाला ३७ चिन्हांची चाचणी साधारण पुरेशी ठरते, उत्तर संदिग्ध आल्यास १११ चिन्हांकडे वळावे.

मात्र पुनरावृत्तीची संख्या वाढून पुन्हा कमीही होऊ शकते. तेव्हा जुना बदल पुसला जातो. एकाक्षरी बदल सहसा असे पुसले जात नाहीत. वाय गुणसूत्राची सुमारे दीड कोटी अक्षरे विश्वसनीयपणे वाचल्यास एका शाखेत सरासरी ८० ते ९० वर्षांत असा एक नवा बदल सापडतो. आपल्या उदाहरणात प्रत्येक शाखेत तीन-चार बदल मिळतील आणि त्यांवरून शाखा केव्हा फुटल्या, याचा अंदाज करता येईल. “शाखा कोणत्या क्रमाने फुटल्या?” हा प्रश्न असेल, तेथे विस्तृत वाचनाचा अधिक खर्च सार्थकी लागतो. प्रथमच चाचणी करणाऱ्याने मात्र सर्वांत महाग चाचणीपासून आरंभ करण्याचे कारण नाही.

नमुना कोणाचा घ्यावा?

स्त्रियांत वाय गुणसूत्र नसते. म्हणून एखाद्या भगिनीस आपल्या माहेरच्या पितृवंशाचा शोध घ्यावयाचा असेल, तर तिने पिता, भाऊ, काका किंवा काकांचे पुत्र यांचा नमुना मिळवावा. स्वतःच्या पुत्राचा नमुना चालणार नाही. तो तिच्या सासरचा वंश सांगेल. घरात वयोवृद्ध पुरुष असेल, तर त्याचा नमुना प्रथम घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकट्या नमुन्याचा अर्थ फारच थोडा असतो. अहवालात “तुमचा समूह अमुक” असे लिहिलेले असते. पण तो समूह कित्येक सहस्र वर्षांपूर्वीचा असतो. घराण्याविषयी काही ठरवावयाचे, तर तुलनेस दुसऱ्या शाखेतील पुरुष हवा. परदेशी संस्थांच्या संग्रहांत भारतीयांचे नमुने थोडे असल्याने आपोआप जुळणी सापडेल, या भरवशावर राहू नये. वह्या व वंशावळी यांच्या साहाय्याने दूरची शाखा आधी शोधावी, त्या शाखेतील एखाद्या पुरुषाची संमती घ्यावी आणि मगच दोन्ही नमुने एकाच प्रकारच्या चाचणीसाठी पाठवावेत. कागदाचे काम आधी आणि प्रयोगशाळेचे नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा.

दोन्ही शाखा जुळल्या, तर समान पूर्वजाची परंपरा बळकट होते. न जुळल्यास दोहोंपैकी कोठेतरी साखळी बदलली आहे, एवढेच कळते. कोणत्या शाखेत, ते कळण्यास तिसऱ्या शाखेचा नमुना लागतो.

दत्तक आणि गोत्र

साखळी बदलण्याचे आपल्याकडील सर्वांत मोठे व सर्वमान्य कारण म्हणजे दत्तक. काशीशी संबंधित दोन ऐतिहासिक उदाहरणे या बाबतीत बोधप्रद आहेत. अमृतराव पेशवे यांचे अखेरचे दिवस काशीत गेले व १८२४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. ते रघुनाथरावांचे दुसऱ्या घराण्यातून घेतलेले दत्तक पुत्र होते. म्हणजे त्यांच्या वंशजांचे नाव व वारसा पेशव्यांचा, परंतु वाय गुणसूत्र जन्मदात्या कुळाचे. दुसरे उदाहरण काशीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाईंचे. १८५३ साली गंगाधररावांनी दत्तक घेतलेले दामोदरराव हे नेवाळकरांच्याच भाऊबंदकीतील होते. अशा दत्तकामुळे वाय गुणसूत्राची साखळी बदलण्याचे कारण नसते आणि वाय चाचणीस तो दत्तक ओळखताही येणार नाही. सारांश, दत्तक बाहेरून आला की भाऊबंदांतून, यावर चाचणीचे उत्तर अवलंबून असते. म्हणून वंशावळीत नावापुढे ‘दत्तक’ असा शब्द आहे काय, हे चाचणीपूर्वीच पाहावे.

दत्तक हे कुळात पडलेले वैगुण्य नव्हे. ऐतरेय ब्राह्मणातील कथेप्रमाणे अजीगर्ताचा पुत्र शुनःशेप यास विश्वामित्राने पुत्र मानले आणि तो देवरात या नावाने त्या कुळाचा झाला. ज्या विश्वामित्राच्या नावाने काशीचे भट्ट घराणे आपले गोत्र सांगे, त्याच्याच कथेत दत्तकाला असे मानाचे स्थान आहे. १९५६ च्या कायद्यानेही दत्तक अपत्यास नव्या कुटुंबात पुत्राचे किंवा कन्येचे सर्व हक्क दिले. जन्मकुळाशी निषिद्ध असलेला विवाहसंबंध मात्र पुढेही निषिद्धच ठेवला. कुळाचे नाते व देहाचे नाते ही दोन्ही नाती कायद्याने अशी ओळखली आहेत. डीएनए चाचणी यांपैकी केवळ दुसऱ्याविषयी बोलते.

यावरून हेही स्पष्ट होईल, की एका गोत्रातील सर्व पुरुषांचे वाय गुणसूत्र समान असेल, असे मानता येत नाही. कित्येक कुळांनी आपल्या पुरोहिताचे गोत्र स्वीकारले आहे. वाय गुणसूत्रांचे जे प्राचीन समूह शास्त्रज्ञांनी कल्पिले आहेत, त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात. त्यांपैकी आर-१-ए हा समूह उत्तर भारतातील ब्राह्मणांत पुष्कळ आढळतो. पण तो इतर अनेक जातींत, काही आदिवासी जमातींत आणि पूर्व युरोपातील लोकांतही आढळतो. तेव्हा अहवालातील समूहावरून जात, गोत्र किंवा श्रेष्ठ-कनिष्ठपणा ठरविणे अशास्त्रीय होय.

उत्तराची मर्यादा

१९९८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या वंशाविषयी अशीच तपासणी झाली. जेफर्सन यांना वंश चालविणारा औरस पुत्र नव्हता. म्हणून त्यांच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचे नमुने घेतले. त्यांच्या दास्यात असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या एस्टन या पुत्राच्या वंशजाचे वाय गुणसूत्र त्यांच्याशी जुळले. परंतु चाचणीने पिता जेफर्सन कुळातील पुरुष होता, एवढेच सिद्ध झाले. तो कोणता पुरुष, हे ठरविण्यास ऐतिहासिक कागदांचाच आधार घ्यावा लागला.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर येथे सापडला. मातृवंशाच्या डीएनएने त्याची ओळख पटविण्यास साहाय्य केले. परंतु राजघराण्याच्या पुरुषवंशातील म्हणून मानलेल्या पाच हयात पुरुषांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही. आणि त्या पाचांतही एक जण इतर चौघांहून वेगळा निघाला. राजवंशाच्या वंशावळीची ही गत, तर सामान्य घराण्यात अशी गोष्ट आढळल्यास नवल कसले? युरोपातील अभ्यासांत नोंदलेला पिता व जन्मदाता भिन्न असण्याचे प्रमाण पिढीमागे सुमारे एक टक्का आढळले आहे. उदाहरणापुरते तेच प्रमाण धरले, तर आपल्या वीस हस्तांतरांत कोठेतरी एकदा साखळी बदललेली असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के येते. यात कोणा एका व्यक्तीवर ठपका ठेवण्यास जागा नाही. दोनशे वर्षांपूर्वी अनाथ पुतण्या, भाचा किंवा शेजाऱ्याचे मूल घरात वाढले असेल आणि त्याची नोंद कोणी केली नसेल, हेही तितकेच संभवते.

नमुना पाठविण्यापूर्वी

वाय गुणसूत्र एकट्याचे नसते. जे आपले, तेच आपल्या भावांचे, पुत्रांचे व चुलत भावांचे. आपला अहवाल प्रसिद्ध करणे म्हणजे त्यांचीही माहिती प्रसिद्ध करणे होय. २०१३ साली संशोधकांनी असे दाखवून दिले, की नाव काढून टाकलेल्या नमुन्यातील वाय चिन्हे वंशावळींच्या खुल्या संग्रहांशी ताडून काही व्यक्तींचे आडनाव शोधता येते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांशी आधी बोलावे. अनपेक्षित उत्तर आले तर काय करावयाचे, हे आधीच ठरवावे. आणि ज्यास हे उत्तर ऐकावयाचे नाही, त्याच्या इच्छेचा मान राखावा.

प्रयोगशाळेला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात: चाचणी वाय गुणसूत्राची आहे काय? किती चिन्हे मोजणार किंवा किती अक्षरे वाचणार? मूळ आकडे आमच्या हाती देणार काय, की केवळ रंगीत नकाशा? नमुना किती काळ ठेवणार, आणि मागणी केल्यास नमुना व माहिती नष्ट करणार काय? संस्था बंद पडली किंवा विकली गेली, तर माहिती कोणाच्या हाती जाईल? समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास दुसरी प्रयोगशाळा पाहावी.

या विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी येईल, की चाचणी निवडणे म्हणजे प्रथम आपला प्रश्न निवडणे. “मी कोणत्या कुळाचा?” हा प्रश्न मनात असेल, तर त्याचे उत्तर आपणांस वाढविणाऱ्या माणसांनी केव्हाच दिले आहे, ते बदलण्याचा अधिकार कोणत्याही चाचणीस नाही. “काशीतील आमची शाखा आणि गोदातीरावरील ती शाखा एकाच पुरुषापासून निघाल्या काय?” असा प्रश्न असेल, तर दोन्ही शाखांतील संमती देणारे दोन पुरुष, ३७ किंवा अधिक चिन्हांची वाय चाचणी आणि शेजारी उघडलेली जुनी वही, एवढ्या साधनांनी त्याचा शोध सुरू करता येतो.

स्वाध्याय

१. आपल्या घराण्याची पुरुषसाखळी जितक्या पिढ्या सांगता येईल तितकी लिहा. प्रत्येक नावापुढे माहितीचा आधार नोंदवा: कागद, वही किंवा वडीलधाऱ्यांचे सांगणे.

२. पंधरा पिढ्यांपूर्वी फुटलेल्या दोन शाखांत ३७ चिन्हांपैकी सरासरी किती चिन्हांत फरक अपेक्षावा? पाठातील प्रमाण धरून हिशेब करा.

३. भावाच्या पुत्रास दत्तक घेतल्यास वाय चाचणीत फरक दिसत नाही आणि बहिणीच्या पुत्रास घेतल्यास सामान्यतः दिसतो. असे का, ते आकृती काढून स्पष्ट करा.